तिला म्हणावं

सासऱ्यांना मी मामा म्हणते. म्हणजे मनात म्हणते. तोंडाने म्हणायची वेळ एकदाच आली, आणि मामा वारून आता दोन हळदी निघाल्या, म्हणजे दोन वर्षं झाली. हे मी नांदेडच्या घरात बसून लिहिते आहे. समोर कॉम्प्युटर आहे, काम पडलं आहे, आणि कंपनीच्या मॅडमचा मेसेज येऊन गेला आहे. पडू दे काम.

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडे. आमच्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. गावात आता बऱ्याच घरांतून ही रीत गेली. आमच्या शेजारची सून सासऱ्याला दळण आणायला पाठवते आणि तो मुकाट जातो. आमच्याकडे ती रीत टिकली, पण कुणी काठी घेऊन टिकवली होती असंही नाही. मामा लाजाळू होते. हे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला वाटायचं, माणूस आखडू आहे, सुनेला माणसात धरत नाही. मी रागाने माझ्या आईला फोनवर सांगायची, या घरात माझ्यापेक्षा गाईशी जास्त बोलतात.

न बोलता घर कसं चालतं, असं मैत्रिणी विचारायच्या. मस्त चालायचं. मामा ओसरीवर, मी दाराच्या आत, आणि मध्ये आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मामा त्यांना म्हणायचे, "तिला म्हणावं, भाजीत मीठ जास्त झालं." मी तिथेच, दारामागे. आत्याबाई तो निरोप पुन्हा सांगायच्याही नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मग मी त्यांना म्हणायची, "उद्यापासून बेतानं टाकते म्हणावं." तेही मामांना थेट ऐकू गेलेलं असायचं. आत्याबाई शेतात असल्या तर मामा गाईच्या पाठीवर हात फिरवत तिला सांगायचे, "आज चहा मिळतो का न्हाई, काय माहीत बाई." आणि मी गॅसच्या शेगडीला सांगायची, "ठेवलाय, उकळून राहिला." माझ्या नवऱ्याला याचं फार हसू यायचं. तो म्हणायचा, "तुमचं दोघांचं बोलणं म्हंजी कचेरीतली फाईल हाय. बाजूच्या टेबलावर जायचं तरी जिल्ह्याला जाऊन येती."

कळमनुरीच्या रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रॅक्टरची ट्रॉली लागली. तो घरी परत आला नाही. याच्यापुढे मला यावर लिहिता येत नाही, आणि लिहिणारही नाही.

मी त्याच घरात राहिले. भाऊ वसमतहून गाडी घेऊन न्यायला आला होता, मी बसले नाही. मूलबाळ नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं. पण माहेरी जाऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात पाहुणी होऊन राहायची माझी तयारी नव्हती. शिवाय आत्याबाई माझा हात सोडत नव्हत्या. मला घरबसल्या पुण्याच्या कंपनीचं काम होतं. मी राहिले.

तो गेल्यावर आमच्या घरात त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कसं? मामांचं आणि माझं जे काही बोलणं व्हायचं ते आत्याबाईंच्या अंगावरून जायचं, आणि हे ओझं त्यांना उचलवत नव्हतं. मामांनी "तिला म्हणावं, त्याचे कपडे..." असं सुरू केलं की त्या पदर तोंडाला लावायच्या. मामा थांबायचे. मग मीठ, पाणी, गोळ्या, लाईटबिल एवढंच इकडून तिकडे जात राहिलं. पुढे आत्याबाईंनाही आजाराने नेलं. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि घरात मी आणि मामा उरलो. मध्ये कुणी नव्हतं.

मी ताट ओसरीवर नेऊन ठेवायची आणि आत येऊन भांडं आपटायची, म्हणजे त्यांना कळायचं. मामा जेवून ताट दारात सरकवायचे. गाईला सांगायचंही त्यांनी सोडलं होतं. भाजी खारट झाली की नाही हेसुद्धा मला कळायचं बंद झालं.

आता माझं काम काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते सांगितलं की लोकांना वाटतं, ही काहीतरी लपवते आहे. पुण्याच्या त्या छोट्या कंपनीने हळद पिकवणाऱ्यांसाठी फोनवरची मदतनीस तयार केली होती. शेतकऱ्याने फोन लावला की बाईचा आवाज येतो, "रामराम, बोला." ती बाई म्हणजे मशीन. बोलणं तिला छान समजतं, पण नुसत्या बोलण्याने कामं होत नाहीत. कामासाठी तिच्या हाताशी वेगवेगळी साधनं दिलेली असतात. एकातून बाजारभाव बघता येतो, दुसऱ्यातून हवामान, तिसऱ्यातून वाळलेली हळद घासून चकचकीत करणारी पॉलिशची मशीन ठरवता येते. कोणत्या वेळी कोणतं साधन उचलायचं ते तिचं तिने ठरवायचं. हे ती कशावरून ठरवते? प्रत्येक साधनासोबत चार ओळींचं वर्णन असतं, त्यावरून. ते वर्णन मी लिहिते. शेतकरी ते कधी वाचत नाही, इंजिनिअरांना ते वाचायचा कंटाळा. वाचते ती एकटी, आणि ती त्यातला शब्द न् शब्द पाळते.

पुण्याच्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हुशार आहे पण आजच कामावर आलंय, अशा माणसाला सांगतेस तसं लिही. हे काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा वापरायचं नाही, आणि हातात काय येतं." मला त्यावर नवी सून आठवली. हुशार असते, घरातलं काही ठाऊक नसतं, आणि सगळे गृहीत धरतात की तिला ठाऊक आहे. साखरेचा डबा कुठे ते न सांगता साखर आण म्हणणारी माणसं मी बघितली होती. त्यामुळे हे काम मला जमलं. मॅडम म्हणायच्या, तुझ्यासारखं "केव्हा वापरायचं नाही" कुणी लिहीत नाही.

ते मी फजितीतून शिकले होते. हळद शिजवायचा कुकर आमच्याकडे भाड्याने मिळतो, टाक्या लावलेला, ट्रॅक्टरमागे ओढत नेतात. इंजिनिअरने त्याच्या वर्णनात नुसतं लिहिलं होतं, "कुकर मिळवून देणे." कुरुंद्याकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "बाई, कुकर मोकळा हाय का परवा?" तर बाईने त्याला कुकरची शिट्टी साफ कशी करायची ते समजावून सांगितलं. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणाला, "ते समदं घरच्यांला ठाऊक हाय, तुमी कुकर धाडा." मी त्या वर्णनात लिहिलं, हा स्वयंपाकघरातला कुकर नव्हे. हसण्यावारी गेलं.

निरोपाच्या साधनाचं तसं झालं नाही. शेतातून मजुरांच्या मुकादमाला, गाडीवाल्याला, घरी निरोप द्यावा लागतो, म्हणून ते साधन केलं होतं. शेतकरी बाईला सांगणार, बाई ते लिहून समोरच्याच्या फोनवर पोचवणार आणि वाचूनही दाखवणार. चाचणीच्या दिवसांत एका माणसाने तिला सांगितलं, माझ्या बहिणीला कळवा, आई गेली. तिने कळवलं. शेवटी नियमाप्रमाणे "आपला दिवस शुभ जावो" असंही म्हणाली. ते रेकॉर्डिंग मॅडमनी मला ऐकवलं.

मी ते वर्णन पुन्हा लिहिलं. मला ते अजून पाठ आहे. "शेतकऱ्याने सांगितलेला कामाचा निरोप त्याने नेमलेल्या माणसाला पोचवते. वेळ, जागा, वस्तू, जेवणखाण, औषधपाणी, येणंजाणं कळवण्यासाठी वापरावे. मृत्यू, भांडण, आरोप, माफी आणि घरातल्या मनाच्या गोष्टी यांसाठी वापरू नये. तसा निरोप असल्यास नम्रपणे नकार द्यावा आणि ही गोष्ट समोरासमोर बोलावी असे सुचवावे." मॅडमनी लगेच कळवलं, उत्तम. उत्तमच होतं. आज कुणी लिहायला सांगितलं तरी मी तेच लिहीन.

चाचणीसाठी कंपनीने मला एक जादा फोन पाठवला होता. तो मी एके दिवशी ओसरीवर बाजेवर ठेवला आणि आत आले. मामांना सांगायची सोय नव्हतीच. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. मामा बाईला बाजारभाव विचारत होते. मग हवामान. मग त्यांनी विचारलं, "तुमी कुठल्या, बाई?" ती म्हणाली, मी माणूस नाही, संगणकावर चालणारी मदतनीस आहे. मामा म्हणाले, "असू द्या. बोलता बराबर." मी दारामागे तोंड दाबून हसले. कित्येक महिन्यांनी हसले असेन.

त्यानंतर दोनेक दिवसांनी माझा फोन वाजला. बाईच्या गोड आवाजात निरोप होता, "ओसरीवरून कळवलं आहे, चहात साखर कमी टाकावी." तो निरोप मामांच्या तोंडून मला दाराआडून आधीच ऐकू आला होता. पण आमच्या घरात नुसतं ऐकू येऊन चालत नाही, निरोप मधून यावा लागतो. तो आला होता. मी फोन तोंडाजवळ धरून बाईला सांगितलं, "ओसरीवर कळवा, साखर कमीच होती, गूळ संपलाय म्हणून गोड लागली असेल." काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही, इतकी मी गडबडले होते. बाहेर फोन वाजला. मामा म्हणाले, "बरं."

अशी आमची फाईल पुन्हा फिरू लागली. दाराच्या एका बाजूचा निरोप कुठल्या कुठे जाऊन दाराच्या दुसऱ्या बाजूला यायचा. तिला म्हणावं, गाय आटली. ओसरीवर कळवा, गोळी जेवणानंतरची आहे. तिला म्हणावं, भाजी चांगली झाली होती. हे शेवटचं आत्याबाईंच्या काळात मी कधी ऐकलं नव्हतं. मामा बाईशी फार अदबीने बोलायचे, निरोप झाला की "तकलीफ दिली" म्हणायचे. मला वाटू लागलं, आता घर चालेल.

त्या साली हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती, तेव्हा माझा भाऊ आला. स्थळ घेऊन आला होता. नांदेडचे एक मास्तर, बायको वारलेली, एक मुलगी. भावाने ओसरीवर बसून मामांना सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "तिला इचारा." भाऊ आत आला. मी म्हणाले, "त्यांना विचार. ते जा म्हणतात का रहा म्हणतात ते मला स्पष्ट कळू दे." भाऊ बाहेर गेला. मामा म्हणाले, "मी काय सांगणार. तिच्या मनात काय हाय ते बघा." भाऊ पुन्हा आत. अशा चकरा मारून तो वैतागला. उन्हाने लाल झालेला, हळदीच्या धुळीने पिवळा झालेला. म्हणाला, "तुमच्या घरात बोलणारं माणूसच न्हाई. पुढल्या म्हयन्यात येतो, तवर ठरवून ठेवा." चहा न घेता गेला.

मला काय हवं होतं? मला हवं होतं की मामांनी "रहा" म्हणावं. म्हटलं असतं तर मी राहिले असते की नसते, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्यांनी म्हणायला हवं होतं. दिवसभर मी मशीनला स्पष्ट कसं सांगायचं याचे पैसे घेत होते आणि माझ्या घरात मला एक स्पष्ट वाक्य मिळत नव्हतं. मी त्या आठवड्यात फार चिडचिड केली. हळद हलवताना फावडं इतकं जोरात ओढायची की शेजारीण म्हणाली, जमीन नांगरून राहिलीस का.

मग ती संध्याकाळ. मी आत भाकरी थापत होते. ओसरीवर मामांनी बाईला हाक मारली. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, खाली होता, तरी दाराआड ऐकू येईल इतका होता.

"बाई, एक निरोप हाय. तिला म्हणावं, तुझ्या भावाला मी काय सांगू. जा म्हणलं तर हाकलल्यावानी व्हतं. आन् रहा म्हणायला मला तोंड न्हाई. पोरगं त्या दिवशी पाईपाचे जोड आणाया गेलतं, ते म्याच धाडलं व्हतं. ते म्हणलं, उद्या जातो. मी म्हणलो, आजच जा, हळदीला पाणी तुटलंय. हे तिला ठावं न्हाई. एवढ्या दिवसात सांगणं झालं न्हाई. हे तिला सांगा."

माझे हात पिठात तसेच राहिले. बाई क्षणभर थांबली. ती थांबते, कारण ती साधनांची वर्णनं बघत असते. मग ती माझ्या वर्णनाप्रमाणे, अगदी नम्रपणे म्हणाली, "माफ करा, हा निरोप मला पोचवता येणार नाही. अशी गोष्ट तुम्ही समोरासमोर बोललेली बरी."

"तेच तर जमत न्हाई, बाई," मामा म्हणाले. मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं. राहू द्या. तकलीफ दिली."

मला सगळं ऐकू आलं होतं, आणि मला ऐकू आलं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. आमच्या घरात दाराआड ऐकू जावं म्हणूनच बोललं जाई. पण निरोप आलेला नव्हता. मधल्या माणसाने नाही म्हटलं होतं. आता याला उत्तर कसं द्यायचं ते मला समजेना. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते साधं होतं. मला ते ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी चप्पल घालता घालता तो मला हसून म्हणाला होता, "आमच्या बापाला दम निघत न्हाई. आजच पाईपाचे जोड पाहिजेत म्हणे." त्याचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. मी ते जपून ठेवलं होतं, त्यात कुणाचा दोष आहे असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. बाप मुलाला कामाला धाडतो, त्यात काय. हे एवढंच सांगायचं होतं. दारात जाऊन "मामा" म्हणायचं आणि सांगायचं. तव्यावरची भाकरी जळली. मी हात धुऊन दारापर्यंत आले तेव्हा मामा गोठ्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या फोनवरून बाईला सांगितलं, "ओसरीवर कळवा, मला ठाऊक होतं. मी मनात काही धरलेलं नाही." ती मलाही म्हणाली, "माफ करा. अशी गोष्ट तुम्ही समोरासमोर बोललेली बरी." माझंच वाक्य मला माझ्याच फोनवरून ऐकवलं तिने. मला तिचा इतका राग आला की मी फोन गादीवर फेकला. मग उचलून पुन्हा सांगितलं, शब्द बदलून, कामाचं आहे असं भासवून. ती फसली नाही. वर्णन चांगलं लिहिलेलं होतं.

मग मी नवं वर्णन लिहायला बसले. दिवसभर दुसरं काम केलं नाही. दोन माणसं एका घरात राहतात, एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि त्यांना एक गोष्ट सांगायची आहे, तेव्हा हे साधन वापरावे. केव्हा वापरू नये? इथे माझं अडायचं. मयत कळवायला नको, भांडायला नको, पण हे चालेल. हे म्हणजे काय? मी चार शब्द लिहायची आणि पुसायची. जे मला दारातून सांगता आलं नाही ते मशीनला कळेल असं लिहायला बसले होते. शेवटी जमलं तसं लिहून पुण्याला पाठवलं. मॅडमचा फोन आला. त्या भल्या बाई आहेत. म्हणाल्या, "हे कोणासाठी आहे? किती लोकांना लागेल?" मी म्हणाले, दोघांना. त्या म्हणाल्या, "दोघांसाठी नाही गं बदलता येत. त्या बहिणीचं रेकॉर्डिंग आठव." मला आठवत होतं. मी बरं म्हटलं.

याच दिवसांत मामांनी ठरवलं होतं. एका सकाळी मी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होते, माझा फोन वाजला तो मी बऱ्याच उशिरा उचलला. बाई म्हणाली, "ओसरीवरून कळवलं आहे, मी कळमनुरीला लेकीकडे चाललो. पॉलिशची मशीन ठरवली आहे. हळदीवर लक्ष ठेवावं." कामाचा निरोप होता, येण्याजाण्याचा होता, हळदीचा होता. तो बिनचूक पोचला. मी मीटिंग तशीच टाकून बाहेर आले. ओसरीवर बाजेवर फोन होता, त्याची वायर गुंडाळून शेजारी ठेवलेली होती. मामांची बस निघूनही गेली होती.

ज्याला माहीत नाही त्याला यात काय मोठं, असं वाटेल. म्हातारा लेकीकडे गेला. पण मामा लेकीच्या घरी कधी राहिले नव्हते. तिच्या लग्नानंतर कधीही गेले तरी पाण्याचा एक घोट घेऊन उठायचे, जेवायचेसुद्धा नाहीत. लेकीच्या घरी बापाने पोट भरायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. तो माणूस पिशवी घेऊन तिथे राहायला गेला. मला घर मोकळं करून देण्यासाठी गेला. माझं काहीच उत्तर आलं नाही, त्याचा त्यांनी अर्थ लावला होता. त्यांना वाटलं, हिने धरलं आहे. बापाने मुलाला मरायला धाडलं असं हिला वाटतं, म्हणून ही गप्प आहे. मला रडू यायला हवं होतं, पण मला आधी संतापच आला, त्यांचा, माझा, त्या बाईचा, दारामागे उभं राहायला शिकवणाऱ्या सगळ्यांचा. रडू नंतर आलं, हळद हलवताना, आणि ते मग थांबेना.

हळद सोडून लगेच जाता येत नव्हतं. आभाळ भरून यायचं, दिवसाकाठी हळद गोळा करायची, पुन्हा पसरायची. पॉलिश झाली, पोती भरली, वसमतला माल गेला. त्यानंतर मी कळमनुरीची गाडी धरली. नणंदेसाठी घरची दळलेली हळद घेतली होती. मनात ठरवलं होतं की येताना मामांना घेऊनच यायचं. त्यांची गादी उन्हात टाकून ठेवली होती.

त्या दिवशी कळमनुरीचा बाजार होता. नणंदेच्या दारात येणारीजाणारी माणसं, तिच्या सासरच्या दोन बायका भाजी निवडत बसलेल्या. मामा भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान वळवली. मी पदर सारखा करून आत गेले. नणंदेने पाणी दिलं. बाहेरून मामा तिला म्हणाले, "तिला इचार, हळद बरी निघाली का?"

मी नणंदेला उत्तर दिलं नाही. तांब्या खाली ठेवला आणि बाहेर येऊन मामांच्या समोर उभी राहिले. नणंद माझ्यामागोमाग दारात आली. भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"मामा," मी म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडात इतकी वर्षं पडून होता, बाहेर यायला जड गेला. "तुमी ह्यांना पाईपाचे जोड आणाया धाडलं व्हतं, हे मला त्या दिवशीच ठाऊक हाय. जाताना ह्यांनीच सांगितलं व्हतं. मी तुमच्यावर कधी धरलं न्हाई. आज बी न्हाई. मला तुमचा निरोप ऐकू आला व्हता, मला बोलता आलं न्हाई."

मामा पायांकडे बघत होते. बाजारातून स्पीकरवर कुणीतरी टमाट्याचा भाव ओरडत होता. मग ते लेकीला म्हणाले, "तिला म्हणावं, ऐकलं."

मी उभीच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, पिशवी भर. मी नणंदेच्या दारामागच्या खुंटीवर त्यांची पिशवी बघूनही ठेवली होती.

"आन् तिला म्हणावं," ते म्हणाले, "भावाला व्हय म्हणून कळीव. मास्तर माणूस बरा हाय, मी नांदेडला माणूस धाडून इचारपूस केली. घराला कुलूप लाव आन् किल्ली हिच्यापाशी आणून दे. तिथं आता कुणी कुणाची वाट बघत बसायचं न्हाई."

मला एक स्पष्ट वाक्य हवं होतं. ते मिळालं. नणंद माझ्याकडे वळली. आपल्या आईसारखं नुसतं बघितलं तरी भागतं हे तिला ठाऊक नव्हतं, तिला वाटलं, निरोप सांगावाच लागतो. तिने तोंड उघडलं आणि तिला रडू आलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मध्ये कुणी उरलं नाही. मी म्हणाले, "ऐकलं, मामा."

मामांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघितलं. पण विचारलं मलाच.

"हळद बरी निघाली का?"

"बरी निघाली," मी म्हणाले.

आमच्या दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.